मान झुकणाऱ्या बेसचा तोल सावरताना

आमच्या ऑर्केस्ट्रात चार-चार तास उभं राहून बेस गिटार वाजवायचा असतो. माझ्या पहिल्या बेसची मान, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, हात सोडला की सरळ जमिनीकडे जायची. डाव्या हाताने सूर दाबायचे की मान पेलायची? वर्षभरात मनगट धरलं.

सर्वात आधी पट्टा बदला. नायलॉनचा पट्टा खांद्यावरून घसरतो. तीन-साडेतीन इंच रुंद, आतून खरखरीत स्वेड (मऊ लव असलेलं चामडं) असलेला पट्टा घ्या. थोडाच झुकणारा बेस तेवढ्यानेही थांबतो.

मग पट्टा जिथे अडकतो ती पुढची गुंडी पाहा. 1951च्या फेंडर प्रिसिजन या बेसचं वरचं शिंग (धडाचं मानेकडे निघालेलं टोक) लांब आहे, गुंडी बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) आसपास येते, म्हणून तो तोलात राहतो. आखूड शिंगाच्या बेसमध्ये गुंडी मान धडाला जुळते तिथे, मागच्या बाजूला हलवून बघा. भोक पाडण्याआधी तिथे पट्टा दोरीने बांधून उभे राहा, ही पायरी कृपया गाळू नका. जुन्या भोकात फेविकॉल लावलेली काडी ठोका.

खरा फरक मात्र खुंट्यांनी पडतो. माझ्या जुन्या चार मिळून 400 ग्रॅम होत्या, नव्या हलक्या 230. खुंट्या बसतात ते मानेच्या टोकाचं डोकं गुरुत्वमध्यापासून सर्वात लांब, त्यामुळे तिथला प्रत्येक ग्रॅम जास्त ओढतो. जुन्या खुंट्यांच्या भोकाचा व्यास मोजूनच नव्या मागवा.

मागच्या टोकाला शिसं लावण्याच्या मी विरोधात आहे. तोल येतो, पण ते वजन खांद्याला रात्रभर वाहावं लागतं.