स्वस्त स्मार्टफोन: घेताना आणि वापरताना जागेचा हिशेब

दहा-बारा हजार रुपयांच्या फोनची जाहिरात कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपासून सुरू होते. तो फोन घरात दीड-दोन वर्षे वापरला गेला की मात्र तक्रार एकच ऐकू येते, ती म्हणजे ‘मेमरी फुल झाली, फोन हँग होतो’. काच फुटली तर बदलून मिळते, बॅटरी दमली तर नवी बसवता येते, परंतु रॅम आणि अंतर्गत स्टोरेज कारखान्यातून जेवढे आले तेवढेच शेवटपर्यंत राहते. म्हणून हात राखून खर्च करायचा असेल तर पहिली चौकशी या दोन आकड्यांची करावी, आणि कॅमेरा, रंग, पडद्याचा आकार यांचा विचार त्यानंतर करावा, असे माझे मत आहे.

याचे एक उदाहरण महाराष्ट्रात बरेच गाजले होते. २०२१ साली राज्यातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले, कारण अवघ्या २ जीबी रॅमच्या त्या फोनवर पोषणविषयक नोंदींचे ॲप नीट चालत नव्हते, फोन सारखे हँग होत होते आणि दुरुस्तीचा भुर्दंडही त्यांच्याच माथी येत होता. ते फोन वाटले गेले तेव्हा अगदीच टाकाऊ नव्हते. पण ॲप दरवर्षी जड होत जातात आणि फोन आहे तिथेच राहतो. त्यामुळे आज दुकानात फोन सुरळीत चालतो की नाही यापेक्षा तीन वर्षांनी तो आपली कामे पेलेल का, हे पाहायला हवे.

दुकानात बोलताना ‘मेमरी’ हा शब्द शक्यतो टाळावा, कारण तो रॅमलाही वापरतात आणि स्टोरेजलाही. रॅम म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्यावरची मोकळी जागा आणि स्टोरेज म्हणजे फडताळ. ओटा अपुरा असेल तर एका ॲपमधून दुसऱ्यात जाताना पहिले बंद पडते. फडताळ भरले तर नवीन फोटो, नवीन ॲप, इतकेच काय पण सुरक्षेचे अपडेटही आत शिरत नाही. आजच्या घडीला ४ जीबी रॅम आणि १२८ जीबी स्टोरेज ही माझ्या दृष्टीने खालची मर्यादा आहे, आणि हजार-दीड हजार रुपये वाढवून ६ जीबी रॅम मिळत असेल तर ते पैसे जरूर घालावेत.

६४ जीबीचा फोन स्वस्त दिसतो, पण त्यातील पंधरा ते वीस जीबी जागा अँड्रॉइड आणि कंपनीने आधीच भरून दिलेली ॲप खातात. उरलेल्या चाळीस-पंचेचाळीस जीबीत तुमचा संसार. ‘आईला काय, ६४ पुरे’ असे म्हणून आमच्या घरी एकदा तसा फोन घेतला गेला आणि घरातल्या सर्व फोनांमध्ये तोच सर्वांत आधी भरला. कारण नातेवाइकांचे, भजनी मंडळाचे आणि सोसायटीचे मिळून तिचे चौदा ग्रुप आहेत आणि आलेला कोणताही फोटो पुसून टाकणे तिला पाठवणाऱ्याचा अपमान वाटतो.

जाहिरातीत ‘१६ जीबीपर्यंत रॅम’ असे लिहिलेले असेल तर खालची बारीक अक्षरे वाचावीत. त्यातली खरी रॅम बहुधा निम्मी किंवा त्याहूनही कमी असते आणि बाकीची आभासी, म्हणजे स्टोरेजचाच एक तुकडा रॅमसारखा वापरलेला. स्टोरेजचा वेग रॅमच्या जवळपासही नसल्याने तिचा फायदा थोडा होतो आणि जागा मात्र चार ते आठ जीबी जाते. ज्यांच्याकडे असा फोन आधीच आहे त्यांनी सेटिंग्जमध्ये ही सोय बंद करून फोन एकदा बंद-चालू केला तर तेवढी जागा तत्काळ मोकळी होते. हा उपाय फारच थोड्यांना माहीत असतो.

स्टोरेज किती यासोबत ते कोणत्या जातीचे आहे हेही विचारावे, कारण दोन फोनांवर १२८ जीबी असे सारखेच छापलेले असले तरी त्यांच्या वेगात मोठे अंतर असू शकते. स्वस्त फोनांत बहुधा ईएमएमसी ५.१ किंवा यूएफएस २.२ यांपैकी एक असते. पहिल्याचा वाचनवेग प्रत्यक्षात सेकंदाला २५० ते ३०० मेगाबाइटच्या घरात असतो, तर दुसऱ्याचा त्याच्या तिपटीच्या आसपास जातो. शिवाय ईएमएमसी एका वेळी वाचू शकते किंवा लिहू शकते, यूएफएस दोन्ही एकदम करू शकते. ॲपचे अपडेट चालू असताना फोन गोठल्यासारखा होतो त्यामागे अनेकदा हेच कारण असते. खोक्यावर ही माहिती क्वचितच छापतात, परंतु कंपनीच्या संकेतस्थळावरील तपशिलात ती बहुधा सापडते. जिथे ती लपवलेली असेल तिथे ईएमएमसीच आहे असे धरून चालावे.

मेमरी कार्डाचा खाचा आहे एवढ्यावर समाधान मानू नये. काही फोनांत दोन सिम आणि कार्ड अशा तिन्हींना स्वतंत्र जागा असते, तर काहींत दुसरे सिम किंवा कार्ड यांपैकी एकच बसते. गावी एका कंपनीची रेंज आणि शहरात दुसऱ्या कंपनीची, म्हणून दोन सिम बाळगणाऱ्या माणसाला दुसऱ्या प्रकारचा खाचा असून नसल्यासारखा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. पन्नास मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीच्या वापरात चार-चार बिंदू एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो काढतो, आणि स्वस्त फोनच्या पाठीवरची दुसरी-तिसरी भिंगे बहुतेकदा नावापुरती असतात. ५जी हवे असेल तर मात्र जरा खोलात जावे. जिओने आपली ५जी यंत्रणा स्वतंत्र पद्धतीने उभारली, तर एअरटेलने ४जीच्या आधाराने चालणाऱ्या पद्धतीने सुरुवात केली. अगदी स्वस्त ५जी फोनांपैकी काही पहिलीच पद्धत ओळखतात आणि मग दुसऱ्या कंपनीच्या सिमवर ते ४जीवरच अडतात. जिओचे सिम असेल तर एन२८ हा पट्टा (बँड) फोनमध्ये आहे का हे पाहावे, कारण ७०० मेगाहर्ट्‌झच्या या लहरी दूरवर आणि भिंतींच्या आतपर्यंत पोहोचतात. सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार हेही विचारून घ्यावे. बँकेचे आणि यूपीआयचे व्यवहार ज्या फोनवर होतात त्याला अपडेट बंद होणे धोक्याचे आहे.

जुना फोन घेत असाल तर पैसे देण्यापूर्वी त्यावर *#०६# दाबून आयएमईआय हा फोनचा पंधरा आकडी ओळख क्रमांक पाहावा आणि ‘केवायएम’ ही अक्षरे इंग्रजीत टाइप करून, एक जागा सोडून तो क्रमांक लिहून, १४४२२ वर एसएमएस करावा. फोन काळ्या यादीत असल्यास उत्तरात कळते. आधीच्या मालकाचे गूगल खाते त्याने तुमच्यासमोर काढले पाहिजे, नाहीतर फोन रीसेट केल्यावर तो त्याचाच पासवर्ड मागत बसेल.

आता भरलेल्या फोनकडे वळू. पहिला नियम असा की दिसेल ते पुसत सुटू नये. सेटिंग्जमधील ‘स्टोरेज’ उघडून जागा कुठे गेली आहे ते आधी वाचावे. फोटो कोणालाही आठवतात, पण वजन व्हिडिओंचे असते. साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो साधारण तीन ते पाच मेगाबाइटचा होतो आणि नेहमीच्या १०८० दर्जाच्या व्हिडिओचे एक मिनिट शंभर ते सव्वाशे मेगाबाइट घेते. बारशाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे एक जीबी गेला. तेव्हा दोनशे फोटो निवडत बसण्यापेक्षा आकारानुसार यादी लावून वरचे दहा व्हिडिओ पाहावेत. पुढील चित्रणासाठी कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये एचईव्हीसी किंवा एच.२६५ हा पर्याय असल्यास तो निवडावा. तेवढ्याच दर्जाला जागा जवळजवळ निम्मी लागते.

त्यानंतर व्हॉट्सॲप. त्यातील सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ आणि त्यात ‘मॅनेज स्टोरेज’ उघडले की वर दोन गट दिसतात: अनेकदा फॉरवर्ड झालेले, आणि ५ मेगाबाइटपेक्षा मोठे. पहिल्या गटात शुभ सकाळ, सुविचार आणि सणांच्या शुभेच्छा असतात. तो नजर टाकून बहुधा सरसकट काढता येतो. दुसरा मात्र एकेक करून पाहावा, कारण त्यात मुलीच्या गॅदरिंगचा व्हिडिओ किंवा जमिनीच्या कागदाची पीडीएफ असू शकते. हे झाल्यावर ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये परत येऊन मीडिया आपोआप डाउनलोड होण्याची सोय बंद करावी, म्हणजे हवे तेवढेच उतरेल. आणखी एक लपलेली जागा आहे: तुम्ही काढून पाठवलेल्या व्हिडिओची एक प्रत गॅलरीत आणि दुसरी व्हॉट्सॲपच्या ‘सेंट’ नावाच्या फोल्डरमध्ये राहते. फाइल्स ॲपमधून ते फोल्डर शोधून रिकामे केले तर गॅलरीतील मूळ चित्रणाला धक्का लागत नाही. चॅटमध्ये ते व्हिडिओ पुन्हा उघडणार नाहीत, एवढेच.

गूगल फोटोजच्या बाबतीत लोक सर्वांत जास्त फसतात, म्हणून इथे जरा थांबतो. बॅकअप चालू असताना त्या ॲपमध्ये जाऊन फोटो डिलीट केला तर तो फोनमधून जातो आणि खात्यातूनही जातो. फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर ‘फ्री अप स्पेस’ हाच पर्याय वापरावा. बॅकअप झालेल्या फोटोंच्याच फोनमधील प्रती तो काढतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंचे फोल्डर बॅकअपमध्ये आपोआप धरले जाते असे समजू नये, ते वेगळे चालू करावे लागते. चुकून काही पुसले गेलेच तर बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो. उलट बाजूने, फोनमधील फाइल पुसूनही जागा वाढली नाही असे दिसले तर गॅलरीची आणि फाइल्स ॲपची कचरापेटी आधी रिकामी करावी, कारण तिथे पुसलेले सहसा महिनाभर जागा अडवून असते.

गूगलचा अमर्याद मोफत साठा १ जून २०२१ पासून बंद झाला. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांना मिळून १५ जीबी मिळतात आणि व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. तो कोटा संपला तर नवीन ईमेल येणेसुद्धा थांबते, त्यामुळे नोकरीचे अर्ज भरणाऱ्यांनी तिकडे लक्ष ठेवावे. दरमहा पैसे भरायचे नसतील तर टाइप-सी तोंडाचा पेनड्राइव्ह हा मला सर्वांत सरळ मार्ग वाटतो: तो फोनला थेट लावावा, फोटो वर्षवार फोल्डरमध्ये कॉपी करावेत, दोन-चार उघडून पाहावेत आणि मगच फोनमधले काढावेत.

मेमरी कार्ड फोटो, गाणी आणि चित्रपटांसाठी चांगले, ॲपसाठी नव्हे. कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये साठवणुकीची जागा कार्ड ठेवली की पुढचे सर्व चित्रण तिकडे जाते. कार्डावर ए१ किंवा ए२ आणि यू१ वा त्यापुढची वेगाची खूण आहे का ते पाहावे. बनावट कार्डे बाजारात भरपूर आहेत. एका प्रदर्शनातल्या ठेल्यावरून मी अर्ध्या किमतीत घेतलेले ‘१२८ जीबी’ कार्ड आठ जीबीनंतर मुकाट्याने जुन्या फाइलींवरच लिहीत होते, आणि हे कळेपर्यंत एका सहलीचे फोटो गेले होते. तेव्हापासून नवे कार्ड आले की ते संगणकावर एकदा काठोकाठ भरतो, शेवटच्या फाइली उघडून पाहतो आणि मगच फोनमध्ये घालतो. चांगले कार्डही एखाद्या दिवशी न सांगता बंद पडते, म्हणून एकमेव प्रत त्यावर ठेवू नये.

ॲपच्या माहितीत ‘क्लिअर कॅशे’ आणि ‘क्लिअर डेटा’ अशी दोन बटणे शेजारीशेजारी असतात. पहिले फक्त तात्पुरत्या फाइली काढते, ते निर्धोक आहे. दुसरे दाबले तर ॲप कोरे होते, यूपीआय ॲपमध्ये सिमची पडताळणी पुन्हा करावी लागते आणि काही ॲपमधील नोंदी कायमच्या जातात. शेतात रेंज नसताना ई-पीक पाहणीचे फोटो काढून अपलोड व्हायचे बाकी असतील तर त्या ॲपच्या या बटणाकडे फिरकूही नये. वर्षातून दोनदाच लागणारी ॲप काढून टाकावीत, किंवा प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ॲप आपोआप आर्काइव्ह करण्याचा पर्याय चालू करावा. त्यात ॲपचा मोठा भाग काढला जातो, पण तुमची माहिती शिल्लक राहते. टेलिग्राम वापरणाऱ्यांनी त्याच्या सेटिंग्जमध्ये मीडिया किती दिवस ठेवायचा ते ठरवून द्यावे, कारण परीक्षांच्या नोट्सचे ग्रुप दहा-दहा जीबी सहज साठवतात. ‘क्लीनर’ किंवा ‘बूस्टर’ नावाची ॲप मात्र घेऊ नयेत. ती स्वतः जागा घेतात, जाहिराती दाखवतात, आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये नसलेले असे काहीही करत नाहीत.

एकूण जागेच्या दहा ते पंधरा टक्के कायम मोकळे राहील असे पाहावे, कारण फ्लॅश स्टोरेज काठोकाठ भरले की लिहिण्याचा वेग घटतो. हे सर्व करूनही १० टक्के मोकळे राहत नसतील तर तो फोन तुमच्या कामाला पुरत नाही असे समजावे. बदलून देताना व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्यावा, कार्ड आणि सिम काढावे, नव्या फोनवर सगळे उतरल्याची खात्री करावी, आणि मगच गूगल खाते काढून जुना फोन फॅक्टरी रीसेट करावा व दुकानदाराच्या हाती द्यावा.