हॉस्पिटलात तांबं-पितळ बसवताय? या चुका टाळा

कुपवाड एमआयडीसीत माझं प्लेटिंग-पॉलिशचं छोटं वर्कशॉप आहे. शेजारी मिरज, तिथे गल्लोगल्ली हॉस्पिटलं. त्यामुळे बेडच्या रेलिंगपासून सलाइन स्टँडपर्यंत कामं येत राहतात. तांबं-पितळ जंतू मारतं म्हणून काही वर्षांपूर्वी एका हॉस्पिटलने दारांची पितळी हँडल करून घेतली, मी दिली अगदी आरशासारखी. आठवड्याभरात तिथल्या मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमनी बोलावून घेतलं. हँडलवर नख फिरवत म्हणाल्या, "यावर काय मारलंय?"

"लॅकर, मॅडम. काळं पडू नये म्हणून."

"मग पितळ कशाला घेतलं आम्ही? प्लास्टिकच बसवलं असतं की!"

चूक माझीच होती. पितळी पातेल्याला कल्हई कशाला करतात? आंबट कालवण धातूला लागू नये म्हणून. लॅकर म्हणजे पारदर्शक रोगण, बिनरंगाची कल्हईच. पितळातल्या तांब्याचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, जंतूच्या आवरणाला भिडतात, ते फोडतात, तेव्हा जंतू मरतो. मध्ये पडदा आला की संपलं. निकेल-क्रोमचा मुलामाही तोच प्रकार. सगळी हँडल उतरवून थिनरने लॅकर काढण्यात चार दिवस गेले, खर्च अर्थातच पदरचा.

खरेदीतही लोक फसतात. 'गोल्डन फिनिश' म्हणून मिळणारी बरीच हँडल स्टीलची असतात, वर टायटॅनियम नायट्राइडचा पिवळा थर. लोहचुंबकावर भरवसा नको, 304 जातीच्या स्टेनलेस स्टीललाही तो जेमतेमच चिकटतो. मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी कानस मारा. आतपर्यंत पिवळं निघालं तर पितळ. बिलावर नुसतं 'ब्रास' नको, तांब्याचं प्रमाण लिहून घ्या. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2008 साली जंतुनाशक म्हणून नोंदवलेल्या मिश्रधातूंत तांबं किमान 60 टक्के होतं. दावा होता, 2 तासांत 99.9 टक्क्यांहून जास्त जीवाणू मरतात. दोन तास! तेवढ्यात वॉर्डाच्या दाराला किती हात लागतात ते मोजा, म्हणजे 'आता पुसायची गरज नाही' असं कुणी म्हणणार नाही. फडकं आणि हात धुणं चालूच ठेवायचं.

जंतुनाशक म्हणून विकतात त्या चांदीच्या कोटिंगच्या माहितीपत्रकातला 99.9 चा आकडा बघितलात, तर चाचणी कशी केली तेही विचारा. नेहमीची चाचणी 35 अंशांवर, 24 तास, ओल्या थरावर फिल्म झाकून होते. चांदीला ओल लागते. उन्हाळ्यात जतच्या कोरड्या हवेत दाराचं हँडल ओलं कधी असतं?

लोखंडी पाइपवर तांब्याचा पातळ मुलामा मारून स्वस्तात उरकायला सांगणारे दर महिन्याला भेटतात. मी नको म्हणतो. सलाइन स्टँड आपटून कुठे खरवडला की तांब्याशेजारचं उघडं लोखंड नेहमीपेक्षा लवकर गंजतं. त्या गंजाच्या खाचेत घाण बसते.

साफसफाईत गोंधळ हायपोचा, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट या क्लोरीनच्या जंतुनाशकाचा. ते तसंच वाळू दिलं तर पितळ खातं, हिरवे-काळे डाग पडतात. ठरलेला वेळ ठेवा, मग साध्या पाण्याच्या फडक्याने पुसून घ्या. मेणाची पॉलिश नको, तिचा पुन्हा पडदाच होतो. नुसतं काळवंडलेलं पितळ मात्र काम करतच असतं, त्यावरून मावशींना बोलू नका.

आणि जागा. पैसे असले की आधी लॉबीचा दरवाजा सजतो. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 3 हॉस्पिटलांच्या आयसीयूतल्या अभ्यासात तांबं होतं ते बेडच्या रेलिंगवर, जेवणाच्या टेबलावर, सलाइन स्टँडवर, नर्सला बोलवायच्या बटणावर, खुर्चीच्या हातांवर. संसर्ग निम्म्याहून कमी झाल्याची नोंद आहे. त्यावर पुढे शंकाही घेतल्या गेल्या, पण जागा बरोबर निवडल्या होत्या.

त्या हॉस्पिटलच्या मालकांचा दर दिवाळीला फोन येतो, "हँडल जरा चमकवून द्या की." मी बफ मारून, धुऊन देतो. संक्रांतीपर्यंत परत काळी.