नळ गळायलाय? आधी टेप कशी गुंडाळली ते बघा

सोलापुरात पाण्याची किंमत कुणाला सांगायला लागत नाही. चार दिवसांनी, कधी पाच दिवसांनी नळ येणार, तो पण कधी रात्री दोनला कधी पहाटे, आणि तेवढ्या वेळात हौद, टाकी, पिंप, घागरी सगळं भरून घ्यायचं. उजनीवरनं शंभरेक किलोमीटर पाईपातनं आलेलं पाणी आपल्या दारात येतंय आणि शेवटच्या अर्ध्या इंचाच्या जॉईंटला टपटप गळून जातंय, हे मला बघवत नाही खरंच. सेकंदाला एक थेंब धरा. दिवसाचे ८६,४०० थेंब झाले, साधारण २० थेंबांचा १ मिली धरला तरी ४ लिटरच्या वर, आणि पुढचं पाणी येईपर्यंत १६-१७ लिटर, म्हणजे एक भरलेली घागर गेली की गटारीत.

आणि नुसतं पाणी जातंय एवढंच नाही. जमिनीतला जॉईंट गळका असला आणि पाईप चार दिवस रिकामा पडला तर बाहेरचं घाण पाणी त्याच फटीतनं आत शिरतंय. नळ आल्यावर पहिली दहा मिनिटं गढूळ, वास मारणारं पाणी येतं त्यामागं बऱ्याचदा हे पण एक कारण असतं. लहान लेकरं असलेल्या घरात जुलाब, कावीळ अशातनं पण येतेय, म्हणून "थोडंच गळायलंय, राहू दे" असं म्हणू नका.

आता टेपकडं येऊ. ती पांढरी पातळ टेफ्लॉन टेप सगळ्यांच्या घरात एखाद्या डब्यात पडलेली असते, पण बहुतेक जण ती चिकटपट्टी असल्यासारखी लावतात. तिला चिकटपणा अजिबात नसतो. नॉनस्टिक तव्यावर जो थर असतो तेच मटेरियल आहे हे, अमेरिकेत १९३८ साली एका केमिस्टला दुसरंच काही करताना चुकून सापडलेलं. याला काहीच चिकटत नाही, तेच याचं वैशिष्ट्य. मग गळती कशी थांबते? दोन गोष्टींनी. एक तर टेप निसरडी असल्यामुळं आटे एकमेकांवर घासून अडकत नाहीत आणि तेवढ्याच जोरात नळ अजून अर्धा-पाऊण वेढा आत जातो. दुसरं म्हणजे आट्यांच्या डोक्याला आणि तळाला जी बारीक फट राहते तिच्यात टेप दाबून बसते. जीआय पाईपाचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपाचे, आटे टोकाकडं निमुळते असतात, १६ ला १ असा उतार असतो, त्यामुळं जेवढं आत जाईल तेवढं घट्ट होत जातं. नळाचे आटे मात्र बरेचदा सरळच असतात, तिथं टेपवर जास्त भार येतो आणि म्हणूनच नळाच्या जॉईंटला टेप नीट बसलेली असायला लागते.

आमच्या घरात मागच्या पिढीपर्यंत माग होते. आई चरख्यावर कांडी, म्हणजे मागाच्या धोट्यात घालायची सुताची नळी, भरायची तेव्हा सुताला दोन बोटांत धरून एकसारखा ताण द्यायची, कधी ढिलं सोडायची नाही. ढिली भरलेली कांडी हातात घेतली की मऊ लागते, धोट्यात घातली की सुताचा गुंताच बाहेर येतो. टेपचं अगदी तसंच आहे बघा. ताणून गुंडाळली तर आट्यात रुतते, ढिली गुंडाळली तर नळ फिरवताना सगळी गोळा होऊन बाहेर येते. ज्यांनी घरात कांडी भरताना बघितलीय त्यांना हे एका मिनिटात समजतंय.

करायच्या आधी वरच्या टाकीचा व्हॉल्व बंद करा आणि खालचा एखादा नळ उघडून लाईन रिकामी करून घ्या. जुना नळ काढला की आट्यांत जुनी टेप, धागा, गंज, आणि बोअरचं पाणी असेल तर पांढरे क्षार असं सगळं साचलेलं दिसेल. हे सगळं काढायचंच, जुन्या टेपवर नवीन टेप गुंडाळायची नाही. सुईनं किंवा ब्लेडच्या टोकानं टेपचे धागे ओढून काढा, मग तारेच्या ब्रशनं, नाहीतर जुन्या टूथब्रशनं घासा. क्षार हटत नसतील तर लिंबू चोळून थोडा वेळ ठेवा. भिंतीतल्या सॉकेटमधी, म्हणजे नळ ज्यात बसतो त्या तोंडात, पण बोट घालून साफ करा, तिथं खडा राहिला तर सगळी मेहनत वाया. मग फडक्यानं पूर्ण कोरडं पुसायचं. ओल्या आट्यांवर टेप घसरते, पहिला वेढाच धरत नाही. एकदा टेप न लावता नळ नुसता हातानं फिरवून बघा, सरळ आत जातोय ना. सुरुवातीलाच तिरका धरायला लागला तर आटे मारले गेलेत, त्याला टेप काही करणार नाही.

आता मुख्य काम. टेप नेहमी बाहेरून आटे असलेल्या भागावर, म्हणजे नळावर किंवा निपलवर (दोन्ही टोकांना आटे असलेला पाईपाचा छोटा तुकडा), आतून आटे असलेल्या सॉकेटमधी कधीच नाही. नळ डाव्या हातात धरा, आट्यांचं टोक उजवीकडं. रीळ उजव्या हातात. टेपचं टोक आट्यांवर ठेवून डाव्या अंगठ्यानं दाबा आणि वेढा वरून पलीकडं न्या, खालून आपल्याकडं आणा. टोकाकडनं बघितलं तर हे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं होतं. टोकाचा पहिला आटा मोकळा सोडायचा, दुसऱ्यापासून सुरू करायचं. टोकापर्यंत टेप आणली तर तिचे तुकडे सुटून पाण्यात जातात आणि शॉवरच्या भोकात नाहीतर नळाच्या जाळीत अडकून बसतात, मग लोक म्हणतात पाण्याला फोर्सच नाही. पहिला वेढा स्वतःवरच अर्धा चढवा म्हणजे तो पकडून राहतो, पुढं प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा असा चढवत नळाच्या बुडाकडं जायचं आणि परत यायचं. ताण एवढा पाहिजे की टेपखाली आट्यांच्या कडा उमटलेल्या स्पष्ट दिसल्या पाहिजेत. दिसत नसतील तर ढिली आहे, उलगडा आणि परत करा, टेपचे दोन रुपये गेले तर जाऊ द्यात. शेवटी कात्री नको, अंगठा दाबून धरा आणि रीळ झटका देऊन ओढा, टेप तुटते आणि तिची शेपटी आपोआप पातळ होऊन बसते. मग दोन बोटांत धरून त्याच दिशेनं पूर्ण एकदा चोळून घ्या.

दिशेवर मी एवढा जोर देतोय कारण हे मी स्वतः चुकलोय. बाथरूमचा नळ बदलला, टेप चांगली दहा-बारा वेढे लावली, पान्ह्यानं आवळला, आणि टाकीचा व्हॉल्व उघडला तर भिंतीला धार. काढून परत जास्त टेप लावली, परत तेच. शेवटी गल्लीतल्या प्लंबर अण्णांना बोलावलं, म्हटलं "अण्णा, एवढी टेप लावूनबी गळायलंय की ओ." त्यांनी नळ काढला, सॉकेटच्या तोंडाशी टेपचा वातीसारखा गोळा झालेला होता तो बोटानं ओढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "उलटी गुंडाळलास की रे, तू नळ आत फिरवायलास आन् टेप बाहेर यायलीय." त्यांनी तोच नळ, तीच टेप, सहा वेढे, दोन मिनिटांत बसवला. आज आठ वर्षं झाली, त्या जॉईंटला थेंब नाही.

किती वेढे हे सगळे विचारतात. आपल्याकडं मिळणारी साधी टेप फार पातळ असते, त्यामुळं परदेशी व्हिडिओत बघून तीन वेढे लावले तर पुरत नाहीत. चांगल्या पितळी अर्धा इंची नळाला मी ५-६ लावतो, आटे जरा ढिले वाटले तर ८-१०. पाऊण इंचीला ८ च्या आसपास. अर्धा इंची आट्यांचा बाहेरचा व्यास जवळपास २१ मिमी असतो, म्हणजे एका वेढ्याला साडेसहा सेंटिमीटर टेप, तेव्हा १० मीटरचं रीळ बरेच जॉईंट पुरतंय, हात आखडायची गरज नाही. पण आकड्यापेक्षा हाताला विचारा. नळ हातानं दोन-तीन आटे सहज जाऊन मग जड व्हायला पाहिजे. शेवटपर्यंत हातानंच गेला तर टेप कमी पडली. सुरुवातीलाच धरत नसेल तर जास्त झाली. एक इंच आणि वरच्या जुन्या जीआय लाईनला अण्णा अजून सूत आणि सफेदाच (आट्यांना लावायची पांढरी तेलकट पेस्ट) वापरतात, गंजून खडबडीत झालेल्या आट्यांना ते जास्त चांगलं धरतं आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

आवळताना एक नियम डोक्यात पक्का ठेवा, नळ मागं फिरवायचा नाही. आवळत आवळत नळाचं तोंड खाली यायच्या जागी जरा पुढं गेलं की आपण थोडा उलटा फिरवून सरळ करतो, आणि तिथंच गळती सुरू होते, कारण दाबून बसलेली टेप मागं येताना सुटते, परत दाबली जात नाही. तोंड पुढं गेलं तर अजून एक पूर्ण वेढा बसतोय का बघा. जोर लावावा लागत असेल तर काढा, टेप टाकून द्या, आटे पुसा, आणि एक-दोन वेढे कमी-जास्त करून नव्यानं बसवा. कंटाळा येतो, मान्य आहे, पण दुसरा रस्ता नाही. पान्ह्याखाली फडकं धरलं तर क्रोमला ओरखडे पडत नाहीत.

प्लॅस्टिकला मात्र हात हलका ठेवा, सीपीव्हीसी असो नाहीतर यूपीव्हीसी. आतून आटे असलेल्या प्लॅस्टिकच्या फिटिंगमधी पितळी नळ भरपूर टेप लावून पान्ह्यानं दामटला की ते फुगतं आणि तडकतं, कधी लगेच, कधी महिन्यानं. जुळे सोलापूरमधल्या माझ्या मावशींच्या घरी एल्बो, म्हणजे पाईप वळवायचा काटकोनी तुकडा, असाच टाईल्सच्या मागं तडकला, भिंतीला ओल आली तेव्हा कळलं, आणि अर्ध्या इंचाच्या एल्बोपायी चार टाईल्स फोडाव्या लागल्या. मावशी त्या दिवशी रडायच्याच बाकी होत्या, नवीन बाथरूम होतं हो. म्हणून भिंतीत जाणारं फिटिंग आतून पितळी आटे असलेलंच घ्या, थोडं महाग पडतं पण घ्याच. बाहेरच्या साध्या प्लॅस्टिकला ४-५ वेढे, हातानं घट्ट, आणि पान्ह्यानं जास्तीत जास्त एक-सव्वा वेढा. तेलकट सफेदा, पेंट, ग्रीस प्लॅस्टिकच्या आट्यांना लावू नका.

टेप कुठं लावायची नाही हे पण सांगतो, कारण अर्ध्या लोकांची टेप तिथंच वाया जाते. गिझर किंवा बेसिनखालच्या कनेक्शन पाईपाच्या नटात रबरी वायसर असतो, पाणी तो वायसर अडवतो, आटे फक्त दाब देतात, तिथं टेप लावली तर उलट नट पूर्ण बसत नाही. तिथं गळत असेल तर वायसर बदला. युनियनच्या, म्हणजे दोन पाईप जोडणाऱ्या आणि सोडवता येणाऱ्या जॉईंटच्या, मोठ्या नटाला नको, बेसिनखालच्या सांडपाण्याच्या बॉटल ट्रॅपला नको. सीपीव्हीसीचे चिकटवायचे जॉईंट सोल्युशनचे, त्यांचा टेपशी संबंध नाही. गिझर-सोलरच्या गरम पाण्याच्या आट्यांना बिनधास्त लावा, ही टेप २६० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. गॅसच्या जॉईंटला पाण्याची पांढरी टेप लावून घरी प्रयोग करू नका, ते काम एजन्सीच्या माणसाचं.

झाल्यावर लगेच व्हॉल्व उघडून "गळत नाही" म्हणून मोकळं व्हायचं नाही. जॉईंट कोरडा पुसा, खाली वर्तमानपत्राचा कागद ठेवा आणि अर्ध्या तासानं बघा, कागदावर एक थेंब पडला तरी डाग दिसतो. बैठ्या घराच्या गच्चीवरची टाकी नळाच्या तीन-चार मीटर वर असते आणि १० मीटर उंचीला साधारण १ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब असं गणित आहे, म्हणजे तुमच्या चाचणीत जॉईंटवर अर्धा किलो पण दाब आलेला नसतो. हौदाकडं येणारा महापालिकेचा नळ असेल तर त्याची खरी परीक्षा पाणी येईल तेव्हाच होणार. आधी पाईपातनं हवा फुसफुसत येते, पाईप थरथरतो, मग पाणी जोरात धडकतं. त्या रात्री पाणी भरायला उठाल तेव्हा बॅटरी घेऊन जॉईंटच्या खालच्या बाजूनं कोरडं बोट फिरवून बघा, आणि नळ जायच्या आधी परत एकदा फिरवा.