जनरेटर गुरगुरतोय, एसी ढिम्म

मोटरहोमचा, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीचा, जनरेटर रुसला तर काय काय तपासायचं याची ही यादी मी माझ्यासाठीच लिहिली होती. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीत ॲरिझोनात, क्वार्ट्झसाइटच्या माळावर, मोटरहोममध्ये आम्ही घामाने निथळत बसलो. पुण्याहून आलेले आई-बाबा, पारा शंभर फॅरनहाइटच्या वर, खालून जनरेटरचा आवाज येतोय आणि एसी ढिम्म. मी तीन तास सगळी गाडी उचकटली. दोष निघाला जनरेटरच्या अंगावरच्या ब्रेकरमध्ये. आतल्या पॅनेलमधल्या नव्हे, जनरेटरच्या स्वतःच्या. तर तिथूनच सुरुवात.

घरून निघण्याआधी हा ब्रेकर कुठे आहे ते डोळ्यांनी बघा, हात लावून बघा, फोटो काढा. गाडीच्या बाहेर, जनरेटरच्या झाकणाआड असतो, कधी एक, कधी दोन. ट्रिप झालेला ब्रेकर पुष्कळदा दांडी मधेच ठेवून बसतो आणि चालूच आहे असं वाटतं. मला तसंच वाटलं होतं! म्हणून नुसता वर ढकलू नका. आधी पूर्ण ऑफ, खट्ट आवाज येईपर्यंत, मग ऑन. तरी लगेच पडला तर परत परत चढवत बसू नका, पुढे कुठेतरी शॉर्ट आहे.

हत्यारं म्हणजे मल्टिमीटर, त्याचे जादा सेल, हेडलॅम्प, पाने, तारेचा ब्रश. मल्टिमीटर एसी आणि डीसी व्होल्टेजवर फिरवायची सवय घरी करा, माळावर नाही.

आधी दोष कुठल्या जातीचा ते ठरवा. बटण दाबल्यावर इंजिन फिरतच नसेल तर गाडीची बॅटरी बघू नका. बहुतेक मोटरहोममध्ये जनरेटरचा स्टार्टर गाडीतल्या राहत्या भागाच्या वेगळ्या बॅटऱ्यांवर चालतो, त्याच ज्यांवर रात्रभर दिवे आणि पंखा चालला. भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12 च्या खाली असेल तर तिच्याकडून आशा नको. बॅटरी ठीक आणि तरी नुसती टकटक? मग चेसिसला जाणारी अर्थिंगची जाड केबल. चाकांनी उडवलेलं पाणी आणि मीठ तिथेच बसतं. बोल्ट काढा, ब्रशने चकचकीत करा, आवळून बसवा. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, नाहीतर आतून कोणीतरी प्रेमाने बटण दाबेल आणि तुमची बोटं जातील.

फिरतं पण सुरू होत नाही? पेट्रोलचा काटा बघा. जनरेटरची नळी टाकीत मुद्दाम वर ठेवलेली असते, साधारण पाव टाकी उरली की त्याचं पेट्रोल बंद, म्हणजे तुम्ही निदान गाडी चालवून घरी जाल. मग ऑइल, पातळी कमी असली तरी तो बंद पडतो.

सुरू आहे पण आत वीज नाही, ही माझी गोष्ट. जनरेटर सुरू झाल्यावर अर्धा मिनिट थांबा, ट्रान्सफर स्विच, म्हणजे गाडीला बाहेरच्या विजेवरून जनरेटरवर वळवणारा, मुद्दाम उशिरा टक करतो. काही जुन्या गाड्यांत हा स्विचच नसतो, बाहेरच्या विजेची जाड केबल तिच्या कप्प्यातल्या सॉकेटमध्ये स्वतः खोचावी लागते. ते झालं की ब्रेकर. मी ट्रान्सफर स्विचचं झाकण काढून बसलो होतो तेव्हा बाबा, वीज मंडळात आयुष्य गेलेला माणूस, खुर्चीवरून म्हणाले, “अरे, उगमापाशी बघितलंस का?” मी म्हटलं, “बाबा, तुम्ही जरा थांबा.” नंतर ते फक्त “काखेत कळसा” एवढंच म्हणाले, पुढचं गिळलं. ब्रेकर चढवला तरी वीज नसेल तर मीटर त्याच्या पलीकडच्या बाजूला लावा. तिथे 120 व्होल्ट मिळाले तर दोष गाडीत. दोन-चार व्होल्टच मिळाले तर दोष जनरेटरच्या पोटात, आतले कार्बन ब्रश किंवा रेग्युलेटर, आणि ते तुमचं काम नाही. महिनोन् महिने बंद ठेवलेल्यांची ही दशा होते. महिन्यातून एकदा दोन तास, निम्म्या लोडवर चालवा.

आणि आमचा ब्रेकर पडला का होता? एसी 13-14 अँपिअर, मायक्रोवेव्ह तेवढेच, त्यात आईची चहाची किटली 12. आमचा जनरेटर 4,000 वॅटचा, म्हणजे 33 अँपिअर. बेरीज करा. फ्लॅगस्टाफसारख्या साडेसहा-सात हजार फुटांवरच्या गावी तर त्यातलेही जवळपास पाव जातात.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दाबून बघा, यावर चर्चा नको. एक्झॉस्टच्या बाजूच्या खिडक्या बंद.

चालून बंद पडत असेल तर बटणाचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून लिहा, तो दोषाचा कोड असतो. उंदरांनी वायरी खाल्ल्यात का बघा. फ्यूज बघा. बाकीचं मॅन्युअलमध्ये आहे.

मेकॅनिकला फोन करताना मॉडेल नंबर, किती तास चालला आणि तो लुकलुकण्याचा आकडा हाताशी असू दे. पहिला प्रश्न तो ब्रेकरचाच विचारेल. मला विचारला होता, आणि मी “हो, बघितला” म्हणालो होतो.