गर्भाचं वय एकदाच ठरवा, पण नीट ठरवा

सोनोग्राफीच्या रिपोर्टात सरासरी वय आणि त्यावरून निघालेली प्रसूतीची तारीख असते. मशीन ती आपोआप छापतं. तिसऱ्या महिन्यात एक, पाचव्यात दुसरी, आठव्यात तिसरीच. मग बाई फाइल उघडून विचारते, "मॅडम, यातली खरी तारीख कुठली?" खरी तारीख पहिल्या चांगल्या स्कॅनवर ठरलेली. नंतरचे रिपोर्ट बाळाची वाढ सांगतात, वय नाही. नव्याने प्रोब (पोटावर फिरवायचं सोनोग्राफीचं यंत्र) हातात घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आधी सांगते.

सुरुवात मशीनपासून नाही, पाळीपासून करा. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस विचारा. "दहा तारखेच्या आसपास" असं उत्तर आलं तर मोबाईलमधली नोंद बघायला सांगा. पाळी नियमित होती का, किती दिवसांनी यायची, गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच बंद केल्या होत्या का, अंगावर पाजत असताना दिवस गेले का, हे सगळं विचारा. त्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजा. सात दिवस मिळवून तीन महिने मागे जायची रीत चालते, पण महिने सारखे नसल्याने एखाद-दोन दिवसांचा फरक पडतो: 10 मार्चवरून ती 17 डिसेंबर देते, 280 दिवस मोजले तर 15 येते.

बीज फलित होतं ते पाळीनंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे रिपोर्टातला आठ आठवड्यांचा गर्भ प्रत्यक्षात सहा आठवड्यांचा असतो. हे नवरा-बायको दोघांनाही शांतपणे समजावून सांगा. या दोन आठवड्यांवरून घरात नसते संशय उभे राहतात. आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) असेल तर प्रश्नच नाही: पाच दिवसांचा गर्भ ज्या दिवशी सोडला त्याच्या 19 दिवस मागची तारीख ही पाळीची तारीख धरा आणि ती स्कॅनवरून बदलू नका.

आता सीआरएल, म्हणजे डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी. 14 आठवड्यांच्या आत, 84 मिलिमीटरपर्यंत, वय ठरवायला याहून चांगलं माप नाही, कारण या काळात सगळी बाळं जवळपास एकाच गतीने वाढतात. माप घ्यायची घाई मात्र करू नका. गर्भ स्क्रीनवर आडवा, बाजूने दिसणारा हवा आणि चित्र एवढं मोठं करा की त्याने बहुतेक जागा व्यापावी. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये पाण्याची काळी फट दिसली पाहिजे. ती नसेल तर बाळाने मान खाली घातली आहे आणि माप कमी येईल. मान मागे टाकली असेल तर जास्त. अशा वेळी बाईला थोडं खोकायला सांगा, कुशीवर वळवा, दोन मिनिटं थांबा. बाळ हलतंच. मग कॅलिपर (स्क्रीनवरच्या मोजायच्या खुणा) डोक्याच्या आणि ढुंगणाच्या त्वचेच्या बाहेरच्या कडेवर ठेवा. पाय किंवा योक सॅक (गर्भाशेजारची छोटी पोषक पिशवी) मापात येऊ देऊ नका. तीन चांगली मापं घ्या. अगदी लवकरच्या स्कॅनला मनातल्या मनात पडताळायची सोपी रीत आहे: मिलिमीटरमध्ये 42 मिळवले की साधारण वय दिवसांत मिळतं. 18 मिलिमीटर म्हणजे सुमारे 60 दिवस.

मग पाळीच्या तारखेशी ताडून बघा. 9 आठवड्यांच्या आत पाच दिवसांहून जास्त फरक असेल किंवा त्यानंतर 14 आठवड्यांपर्यंत सात दिवसांहून जास्त असेल, तरच तारीख बदला. समजा सीआरएल 52 मिलिमीटर आला, म्हणजे 11 आठवडे 6 दिवस. पाळीने 12 आठवडे 4 दिवस होत असतील तर फरक पाच दिवसांचा. पाळीचीच तारीख कायम. पाळीने 13 आठवडे 2 दिवस होत असतील तर फरक दहा दिवसांचा. आता स्कॅनची तारीख घ्या आणि रिपोर्टात ठळक लिहा की प्रसूतीची तारीख या स्कॅनवरून ठरवली आहे.

बाई पहिल्यांदाच पाचव्या महिन्यात आली तर डोक्याच्या घेरावर, म्हणजे एचसीवर भर द्या. छेदात दोन्ही थॅलॅमस (मेंदूच्या मधोमधचे दोन गोल भाग) आणि पुढे कॅव्हम (पाण्याची छोटी पोकळी) दिसावं, सेरिबेलम म्हणजे लहान मेंदू दिसू नये. बीपीडी, म्हणजे डोक्याची आडवी रुंदी, एकट्यावर विसंबू नका. पायाळू बाळाचं डोकं बऱ्याचदा लांबट असतं, मग बीपीडी लहान येतो आणि वय उगाच कमी दिसतं. मांडीचं हाड मोजताना ते आडवं धरा आणि फक्त हाडाचा पांढरा दांडा मोजा, टोकाचं कूर्चेचं डोकं नको. पोटाचा घेर वयासाठी सगळ्यात कच्चा, कारण बाळाला पोषण कमी पडलं की आधी तोच रोडावतो. लहान मेंदूची आडवी रुंदी मात्र जरूर घ्या: 14 ते 20 आठवड्यांत तिचे मिलिमीटर जवळपास आठवड्यांइतकेच असतात. 16 ते 22 आठवड्यांत दहा दिवसांहून जास्त फरक असेल तरच तारीख बदला.

28 आठवड्यांनंतर पहिलाच स्कॅन असेल तर तीन आठवड्यांपर्यंतची चूक गृहीत धरा. इथे धोका मोठा आहे. वाढ खुंटलेल्या बाळाला "वयानेच लहान" ठरवून तारीख पुढे ढकलली, तर ज्याला मदत हवी तेच बाळ नजरेतून सुटतं. म्हणून हाडांची टोकं बघा: गुडघ्याजवळ मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचं हाड बनण्याचं केंद्र साधारण 32 आठवड्यांपासून दिसतं, नडगीच्या हाडाचं वरचं 35च्या सुमारास. लहान मेंदू बघा, वाढ खुंटली तरी तो बराचसा तग धरतो. गर्भजल बघा आणि डॉप्लरने रक्तप्रवाह तपासा. तीन आठवड्यांनी बाईला परत बोलवा आणि मधल्या काळात बाळ किती वाढलं ते मोजा. तोपर्यंत रिपोर्टात तारखेच्या आधी "अंदाजे" हा शब्द लिहा, आणि तो का लिहिला ते तिच्या डॉक्टरांना फोन करून सांगा.