एक्सेलमध्ये लाईव्ह फीड खरोखर किती वेगाने येतो, ते कसं मोजायचं

ब्रोकरच्या टर्मिनलमधून आरटीडी किंवा डीडीईने (बाहेरचे चालू आकडे सेलमध्ये आणायच्या दोन पद्धती) एक्सेलमध्ये भाव आणणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली: फीड, म्हणजे सतत येणारा भावांचा प्रवाह, स्लो आहे. बऱ्याचदा फीड व्यवस्थित पळत असतो, एक्सेलच त्याच्याकडे दोन सेकंदांतून एकदा बघत असतं. म्हणून ब्रोकरला मेल पाठवण्याआधी मोजून घ्यावं.

मोजायच्या गोष्टी दोन आणि त्या एकमेकींत मिसळायच्या नाहीत. पहिली म्हणजे सेकंदाला किती नवे आकडे येतात. दुसरी म्हणजे एक्स्चेंजवर सौदा झाल्यापासून तो आकडा तुमच्या सेलमध्ये दिसेपर्यंत किती वेळ गेला. सेकंदाला पाच अपडेट देणारा फीड तीन सेकंद मागे असू शकतो, आणि सेकंदाला एकच अपडेट देणारा अगदी ताजा असू शकतो.

आधी थ्रॉटल

आरटीडीचा सर्व्हर एक्सेलला फक्त ‘नवीन काहीतरी आलंय’ एवढंच कळवतो. आकडे उचलायला कधी जायचं ते एक्सेल ठरवतं. दोन फेऱ्यांमध्ये किमान जो वेळ जाऊ दिला जातो तो थ्रॉटल इंटरव्हल, आणि मुळात तो २००० मिलिसेकंद असतो. म्हणजे फीड कितीही पळो, मिनिटाला जास्तीत जास्त ३० अपडेट दिसणार. मधल्या वेळात येऊन गेलेले भाव तुमच्यापर्यंत सहसा पोचतच नाहीत, शेवटचा तेवढा मिळतो.

ऑल्ट-एफ११ने व्हीबीए (एक्सेलमधली प्रोग्रॅमिंगची भाषा) एडिटर उघडा, कंट्रोल-जीने इमिजिएट विंडो आणा. तिथे आधी प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे ‘ॲप्लिकेशन.आरटीडी.थ्रॉटलइंटरव्हल’ असं रोमन अक्षरांत टाइप करून एंटर दाबा. २००० आलं तर मोजणीपुरतं ते ० करा: तीच ओळ प्रश्नचिन्हाशिवाय लिहा आणि पुढे बरोबरचं चिन्ह देऊन शून्य. ही सेटिंग विंडोजच्या रजिस्ट्रीत जाते. त्यामुळे एक्सेल बंद करून पुन्हा उघडलं तरी ती टिकते आणि फक्त या फाइलपुरती न राहता सगळ्याच फाइलींना लागू होते. मोजणी झाली की शून्य तसंच ठेवू नका. फाइल जड असेल तर एक्सेल दिवसभर आकडेमोडीतच अडकेल आणि ऑर्डरचा सेल क्लिक करायलाही झगडावं लागेल. रोजच्या कामाला १०० ते २५० ठीक.

डीडीईला ही मर्यादा लागू नाही. तिथे सर्व्हर स्वतःहून आकडा ढकलतो.

भाव नको, व्हॉल्यूम मोजा

इथे जवळजवळ सगळेच चुकतात. शेवटचा भाव असलेला सेल मोजायला घेतला तर त्याच भावाला लागोपाठ दहा सौदे झाले तरी सेल हलताना दिसत नाही, आणि तुम्ही म्हणता फीड थांबला. त्याऐवजी दिवसभराचं एकूण व्हॉल्यूम, म्हणजे आतापर्यंत किती नगांची खरेदी-विक्री झाली तो आकडा, घ्या. प्रत्येक सौद्याला ते वाढतंच, मागे येत नाही. निफ्टी निर्देशांकाचे स्वतःचे सौदे होत नसल्यामुळे तो इथे उपयोगाचा नाही. चालू महिन्याचं निफ्टी फ्युचर घ्या.

नवी फाइल उघडा, शीटला ‘मापन’ नाव द्या. बी२मध्ये व्हॉल्यूम, बी३मध्ये शेवटचा भाव, बी४मध्ये शेवटच्या सौद्याची वेळ. या शीटवर बाकी एकही फॉर्म्युला नको, आणि मोजणी चालू असताना दुसरी कुठलीही फाइल उघडी नको. एकाच एक्सेलमधल्या सगळ्या फाइलींची आकडेमोड एकत्र चालते, त्यामुळे शेजारच्या ऑप्शन चेनच्या जड फाइलीचा भार तुमच्या मापात येतो.

मॅक्रो कसा लिहायचा

आरटीडीने सेल बदलला की वर्कशीटचा ‘चेंज’ इव्हेंट (मॅक्रो चालू करणारा इशारा) येत नाही. कितीही वाट बघा, येणार नाही. ‘कॅल्क्युलेट’ इव्हेंट येतो, म्हणून मॅक्रो त्या शीटच्या मॉड्यूलमध्ये त्याच इव्हेंटवर बसवा. डीडीईसाठी वर्कबुकची ‘सेटलिंकऑनडेटा’ मेथड आहे. तिला लिंकचा मजकूर आणि मॅक्रोचं नाव दिलं की त्या लिंकवर नवीन डेटा आला की मॅक्रो धावतो.

मॅक्रोचं काम छोटं ठेवा. बी२ची व्हॅल्यू२ वाचायची. मागच्या वेळेइतकीच असेल तर लगेच बाहेर पडायचं. वेगळी असेल तर गणक एकने वाढवायचा आणि ॲरेच्या (मेमरीत ठेवलेल्या यादीच्या) पुढच्या ओळीत चार गोष्टी टाकायच्या: ‘टायमर’ने मिळालेली वेळ, व्हॉल्यूम, भाव, सौद्याची वेळ. ॲरे आधीच २०,००० ओळींचा करून ठेवा. सेकंदाला ५० अपडेट आले तरी पाच मिनिटांत १५,००० ओळी होतात, त्यामुळे जागा कमी पडायची नाही.

इव्हेंट चालू असताना शीटवर काहीही लिहू नका. एक सेल लिहायला लागणारा वेळ तुमच्या मापात मिसळतो, आणि त्या सेलवर एखादा फॉर्म्युला अवलंबून असेल तर पुन्हा कॅल्क्युलेट, पुन्हा तोच इव्हेंट, अशी साखळी लागते. सगळा ॲरे शेवटी, बटण दाबल्यावर, एका फटक्यात शीटवर उतरवा. मध्येच एरर येऊन तुम्ही ‘एंड’ दाबलंत तर ॲरे रिकामा होतो, हेही लक्षात असू द्या.

वेळेसाठी व्हीबीएचं ‘नाऊ’ वापरू नका, ते पूर्ण सेकंदच देतं. ‘टायमर’ मध्यरात्रीपासूनचे सेकंद अपूर्णांकासह देतो. तो सिंगल प्रकारचा (मर्यादित अंकांचा) असल्यामुळे ९:१५ ते १५:३० या वेळेत त्याची पायरी सुमारे ४ मिलिसेकंदांची असते. संध्याकाळीही चालणारं एमसीएक्स हे कमोडिटी एक्स्चेंज बघणाऱ्यांसाठी: संध्याकाळी १८:१२:१६ला सेकंदांचा आकडा ६५,५३६ ओलांडतो आणि तीच पायरी दुप्पट होते. विंडोजचं घड्याळही अनेकदा १५-१६ मिलिसेकंदांच्या उड्या मारतं, तेव्हा २० मिलिसेकंदांखालच्या फरकावर काही ठरवू नका. त्याहून बारीक हवंच असेल तर विंडोजचं ‘क्वेरीपरफॉर्मन्सकाउंटर’ डिक्लेअर करून वापरा (६४-बिट एक्सेलमध्ये ‘पीटीआरसेफ’ लिहायला विसरू नका). पण घरच्या इंटरनेटवरून येणाऱ्या फीडसाठी एवढी बारकाई लागत नाही.

न्यू जर्सीसारख्या ठिकाणी बसून एनएसई बघणाऱ्यांना वेगळाच घोळ भेटतो. उन्हाळ्यात तिथे बाजार रात्री ११:४५ला उघडतो आणि पंधरा मिनिटांत टायमर शून्यावर येतो. एक अंतर उणे ८६ हजारांच्या घरात निघालं की फीडला दोष देऊ नका, त्यात ८६,४०० मिळवा.

आकडे वाचताना

उतरवलेल्या यादीत प्रत्येक ओळीची वेळ वजा आधीच्या ओळीची वेळ असा अंतराचा कॉलम करा आणि १०००ने गुणून मिलिसेकंद काढा. मग मीडियन (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं अंतर), ९५वा पर्सेंटाइल (९५ टक्के अंतरं ज्याच्या आत असतात ते) आणि कमाल अंतर काढा. सरासरी दाखवायला बरी, ठरवायला नाही. समजा ३०० सेकंदांत ५४० अपडेट आले. सरासरी अंतर ५५६ मिलिसेकंद निघेल. पण मीडियन २६०, ९५वा पर्सेंटाइल १९०० आणि कमाल ६४०० असेल, तर फीड एरवी चपळ आहे आणि मधूनमधून अडकतो, असा त्याचा अर्थ. ते अडकणं कुठल्या मिनिटाला झालं ते यादीत बघा. बऱ्याचदा त्याच क्षणी कोणीतरी सेल एडिट करत असतं.

‘फ्रीक्वेन्सी’ फंक्शनने अंतरांचे गट पाडा: ५०, १००, २५०, ५००, १०००, २००० आणि त्यावर. सगळी गर्दी २०००च्या आसपास असेल तर थ्रॉटल अजून तसाच आहे. १०००च्या आसपास, अगदी नेमाने, असेल तर ब्रोकर सेकंदाला एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची स्थिती, मधले सौदे वगळून) पाठवतोय, आणि त्यावर तुमच्या बाजूने काही उपाय नाही. अंतरं सगळीकडे विखुरलेली असतील तर प्रत्यक्ष सौद्यांच्या तालावर फीड येतोय.

व्हॉल्यूमचा फरकही काढा आणि लॉटच्या (एका सौद्यातल्या किमान नगांच्या गठ्ठ्याच्या) आकाराने भागा. एका अपडेटमागे शेकडो लॉट वाढत असतील तर अनेक सौदे गठ्ठ्याने येत आहेत. टिक बाय टिक, म्हणजे प्रत्येक सौदा वेगळा देणारा, म्हणून विकलेला फीड इथे उघडा पडतो.

मोजणी एकाच वेळेला करून भागत नाही. ९:१५ नंतरची पाच मिनिटं, दुपारी साडेबारा-एकची सुस्त पाच मिनिटं आणि तीननंतरची पाच मिनिटं, अशी तीन मापं घ्या. एका ब्रोकरची सकाळ आणि दुसऱ्याची दुपार यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

उशीर मोजायचा तर

आधी पीसीचं घड्याळ. विंडोजच्या तारीख-वेळ सेटिंगमध्ये ‘सिंक नाऊ’ दाबा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डब्ल्यू३२टीएम’ हा आदेश ‘स्ट्रिपचार्ट’ पर्यायासह चालवला की तुमचं घड्याळ टाइम सर्व्हरपेक्षा किती पुढे-मागे आहे ते दिसतं. भारतीय प्रमाणवेळ राखणाऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे टाइम सर्व्हर यासाठी चालतात. घड्याळ दोन सेकंद चुकलेलं असेल तर पुढचं सगळं गणित वाया.

सौद्याची वेळ मजकूर म्हणून येत असेल तर ‘टाइमव्हॅल्यू’ने बदलून ८६,४००ने गुणा, म्हणजे ती टायमरच्या मापात येते. युनिक्स सेकंद (१ जानेवारी १९७०पासून मोजलेले) येत असतील तर ८६,४००ने भागून २५,५६९ मिळवा, त्यात साडेपाच तासांसाठी ५.५ भागिले २४ मिळवा, आणि मग दिवसाचा अपूर्णांक तेवढा घेऊन त्यालाही ८६,४००ने गुणा.

आता टायमर वजा सौद्याची वेळ. बहुतेक फीडमध्ये सौद्याची वेळ पूर्ण सेकंदात येते, अपूर्णांक कापलेला असतो. त्यामुळे हा फरक खऱ्या उशिरापेक्षा शून्य ते एक सेकंद जास्त दिसतो. फरक ०.४ ते १.४च्या दरम्यान पसरलेले असतील तर खरा उशीर साधारण ०.४ सेकंद. सरासरी घेतली असेल तर तिच्यातून अर्धा सेकंद वजा करा. फरक उणे निघाला तर पीसीचं घड्याळ मागे आहे. आणि हे माप भरपूर सौदे होणाऱ्या स्क्रिपवरच (शेअर किंवा फ्युचरवरच) घ्या.

अडतं कुठे

सेल एडिट मोडमध्ये असला, एखादा डायलॉग बॉक्स उघडा राहिला, तर एक्सेल आरटीडीचे आकडे उचलायला जातच नाही. कॅल्क्युलेशन ‘मॅन्युअल’वर असेल तर एफ९ दाबेपर्यंत इव्हेंट येत नाही. आधीच्या एखाद्या मॅक्रोने इव्हेंट बंद करून ठेवले असतील तर इमिजिएट विंडोमधून ‘एनेबलइव्हेंट्स’ पुन्हा ‘ट्रू’ करा. काहीच मोजलं जात नाही, अशी परिस्थिती असेल तर सगळ्यात आधी हेच तपासा.

रिकाम्या फाइलीत माप चांगलं येतं आणि रोजच्या फाइलीत घसरतं, तर रोजच्या फाइलीची पूर्ण आकडेमोड किती वेळ घेते ते मोजा: टायमर, मग ‘कॅल्क्युलेटफुल’, पुन्हा टायमर. प्रत्येक अपडेटला एवढं सगळं मोजलं जात नाही, पण अंदाज येतो. ‘ऑफसेट’, ‘इनडायरेक्ट’ आणि ‘नाऊ’ ही फंक्शनं दर फेरीला नव्याने मोजली जातात. ती जिथे शेकड्यांनी आहेत तिथेच वेळ जातोय. ‘ऑफसेट’च्या जागी बहुतेक ठिकाणी ‘इंडेक्स’ बसतं.

गुगल शीट्समधल्या ‘गुगलफायनान्स’वर ही मेहनत करू नका. त्याचे भाव २० मिनिटांपर्यंत मागे असू शकतात. त्यातलं ‘डेटाडिले’ हे ॲट्रिब्यूट मागितलं की किती मागे ते तिथेच कळतं.

दोन फीडची तुलना करायची असेल तर घड्याळाचा प्रश्नच टाळता येतो. ऑल्ट दाबून ठेवून एक्सेल सुरू करा, ते नवा स्वतंत्र एक्सेल उघडू का असं विचारेल. एकात एक फीड, दुसऱ्यात दुसरा, दोन्हीकडे तोच मॅक्रो आणि तेच निफ्टी फ्युचर. टायमर दोघांनाही त्याच पीसीचं घड्याळ देतो. नंतर व्हॉल्यूमचे काही टप्पे निवडा आणि प्रत्येक यादीत तो टप्पा गाठणारी किंवा ओलांडणारी पहिली ओळ शोधा. नेमका तोच आकडा शोधू नका, स्नॅपशॉटमध्ये तो बहुधा वगळला गेलेला असतो. असे पन्नासेक टप्पे घेतले की कोणता फीड आधी पोचतो आणि किती मिलिसेकंदांनी, ते मीडियनवरून दिसतं. मग दोन्ही फीडचे एक्सेल आपसात बदलून तेच माप पुन्हा घ्या. निकाल उलटला तर फरक फीडचा नव्हता, कुठला एक्सेल आधी सुरू झाला आणि कुठला स्क्रीनवर पुढे होता, त्याचा होता.