ओळखीच्या माणसांवरून इंग्लिश कसं शिकायचं: नाक, कान, डोळे, पाय

गंगावेशच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी दहा मिनिटं थांबा, कोण चिक्कू, कोण तोंडाळ, कुणाच्या नाकावर राग, सगळं कानावर पडतं. कोल्हापूरकराला माणसाचा स्वभाव सांगायला शब्द कमी पडत नाहीत, पण तेच इंग्लिशमध्ये सांगायची वेळ आली की ‘ही इज गुड, ही इज नाइस’ आणि गाडी तिथंच थांबते. मी सुट्टीत गल्लीतल्या पोरापोरींना इंग्लिश शिकवतो, त्यात जे खरंच उपयोगी पडलं ते सांगतो.

आधी ओळखीचा एक माणूस धरा, मामा असू दे नाहीतर घरमालक, आणि त्याच्याबद्दल चार वाक्यं मराठीतच लिहा, बोलता तशी. इंग्लिशमधून सुरुवात केली की नुसते पाठ केलेले शब्द आठवतात, माणूस डोळ्यासमोर येत नाही.

मग प्रश्न पक्का करा. ‘ती कशी आहे?’ याचं आपण सरळ ‘हाऊ इज शी?’ करतो, पण तो झाला तब्येतीचा प्रश्न, त्याला उत्तर येणार की ताप उतरला, आता बरी आहे. स्वभाव विचारायचा तर ‘व्हॉट इज शी लाइक?’. दिसायला कशी आहे ते ‘व्हॉट डज शी लुक लाइक?’, आणि ‘व्हॉट डज शी लाइक?’ म्हणजे तिला काय आवडतं. हे चारही एकमेकांना विचारून घोटा, अर्धा तास गेला तरी चालेल.

आता तुमच्या मराठी वाक्यांत कुठल्या अवयवांचे वाक्प्रचार आलेत ते बघा आणि त्यांचे तीन ढीग करा. पहिला ढीग सोपा, दोन्हीकडं सारखंच: नाक खुपसणे म्हणजे ‘पोक युअर नोज इंटू’, पाठीत खंजीर खुपसणे म्हणजे ‘स्टॅब इन द बॅक’, मिसळ बघून तोंडाला पाणी सुटलं तर ‘इट मेक्स माय माऊथ वॉटर’.

दुसऱ्यात अर्थ तोच, पण मांडणी वेगळी. तोंडात तीळ भिजत नाही त्याला ‘ही हॅज अ बिग माऊथ’ म्हणतात. कान भरणे याला तिकडं कान नाहीच, मन आहे, ‘शी पॉइझन्ड हिज माइंड अगेन्स्ट मी’. आणि मला सगळ्यात आवडतो तो कानाडोळा. आपण न बघणं आणि न ऐकणं दोन्ही एकाच शब्दात बसवलं, इंग्लिशनं ते वेगळं ठेवलंय, बघून न बघितल्यासारखं केलं तर ‘टर्न अ ब्लाइंड आय’, ऐकून न ऐकल्यासारखं केलं तर ‘टर्न अ डेफ इअर’. 1801 साली कोपनहेगनच्या लढाईत इंग्रजांचा आरमारी सेनापती नेल्सन याला माघारीचा सिग्नल आला तेव्हा त्यानं दुर्बीण आपल्या आंधळ्या डोळ्याला लावली अशी गोष्ट सांगतात, ती पोरांना सांगितली की ‘ब्लाइंड आय’ पुन्हा विसरत नाहीत.

तिसरा ढीग फसव्यांचा, इथं जरा थांबा. माझ्या भाच्याला इंटरव्ह्यूत विचारलं, आधीची नोकरी का सोडली, तर त्याला म्हणायचं होतं तिथले लोक पाय ओढायचे, म्हणून तो म्हणाला ‘दे पुल्ड माय लेग’. समोरचे हसले, कारण त्याचा अर्थ ते माझी चेष्टा करायचे असा होतो, आणि बिचारा दिवसभर गप्प होता. त्याला हवं होतं ‘दे ट्राइड टू होल्ड मी बॅक’. तसंच ‘बिग-हेडेड’ म्हणजे हुशार नव्हे, गर्विष्ठ. ‘कोल्ड फीट’ हे हातपाय गार पडण्याच्या जवळचं आहे पण सगळ्या भीतीला चालत नाही, ठरवलेल्या गोष्टीतून ऐनवेळी कच खाल्ली तरच. शंका आली की डिक्शनरीत अर्थाबरोबर दिलेलं वाक्यही वाचा.

एक युक्ती लक्षात ठेवा, विशेषण अधिक अवयव आणि शेवटी ‘एड’: काइंड-हार्टेड (दयाळू), टाइट-फिस्टेड (चिक्कू), थिक-स्किन्ड (बोलणं मनाला लावून न घेणारा), हॉट-हेडेड (तापट). आपला लंबोदर आठवा, मोठं पोट आहे ज्याचं तो, तीच ही घडण, आणि अशा शब्दांना इंग्लिशचे काही व्याकरणकारसुद्धा बहुव्रीहीच म्हणतात, संस्कृतातून घेतलेलं नाव आहे ते.

दिवसाला दोन-तीनच घ्या आणि बोलून बघा. अर्जात किंवा ऑफिसच्या मेलमध्ये मात्र हे घालू नका, ते बोलण्यातच शोभतं. आणि कुणाचा दोष सांगताना ‘अ बिट’ किंवा ‘कॅन बी’ लावा, ‘ही इज स्टबर्न’पेक्षा ‘ही कॅन बी अ बिट स्टबर्न’ कानाला बरं लागतं.

परवा आठवीतल्या एका मुलीनं शेजारच्या काकूंवर लिहून आणलं: शी इज अ बिट शॉर्ट-टेम्पर्ड. शी पोक्स हर नोज इंटू एव्हरीथिंग. बट शी हॅज अ हार्ट ऑफ गोल्ड. व्हेन माय मदर वॉज इन हॉस्पिटल, शी गेव्ह हँड. मी फक्त शेवटचं वाक्य ‘शी गेव्ह अस अ हँड’, म्हणजे तिनं आम्हाला मदत केली, असं करून दिलं, आणि ती वही घेऊन काकूंना वाचून दाखवायला पळाली.